राहिलंच नव्हतं

सगुणाबाईच्या घरात कुठली बाई कधी बाजूला बसली, हे कुणाला विचारावं लागत नसे. पडवीच्या टोकाला गोणपाट, शेजारी वेगळं ताट, वेगळा तांब्या, आणि गोणपाटावर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली तिची सून नूतन. पडवी रस्त्याला लागूनच. येणारी-जाणारी बाई एकदा तिकडं बघायची आणि समजून जायची, ह्याही महिन्याला काही नाही. लग्नाला आठ वर्षं झाली, तेवढी वर्षं हेच चाललं होतं. इतरांच्या सुनांची पाळी त्यांची त्यांना ठाऊक असेल, नूतनची सगळ्या वाडीला ठाऊक असायची.

आणि दुखणं तरी कसलं. साधं कंबर धरलीय, पोटात कळ आलीय, असलं नव्हे. पहिल्या दिवशी तिला उठून परसाकडंला जायचं म्हटलं तरी भिंत धरून जावं लागे, आणि तिथं बसलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. सगुणाबाई चूल पेटवता पेटवता म्हणायची, "आमी बी बायाच हुतो. आमी काय असं लोळत न्हवतो." खोटं नव्हतं तिचं. तिनं बाळंत होऊन पाचव्या दिवशी लाकडं फोडली होती आणि नवव्या महिन्यापर्यंत खाचरात उभी होती. नवरा गेल्यावर एकुलत्या लेकाला, अमृतला, वाढवून तिनं जमीन राखली होती. दुखण्याला लोळायला वेळ द्यायचा असतो, हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या सालात ज्येष्ठ गेला, आषाढ लागला, आणि गोणपाट खुंटीवरनं खाली आलं नाही.

सगुणाबाई पहिल्या महिन्यात काही बोलली नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. तीन वर्षांमागं नूतनला आठवडाभर उशीर झाला तेव्हा तिनं घाईनं पुतणसून रत्नाच्या कानात सांगितलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी नूतन पडवीत लोळत होती. त्यामुळं ह्या वेळी तिनं तोंडाला कुलूप घातलं. दुसरा महिनाही कोरडा गेला. मग एके सकाळी नूतन शेणाचं घमेलं डोक्यावर घ्यायला वाकली तशी सगुणाबाई लगालगा आली आणि तिनं घमेलं धरलं.

"ठेव खाली. वझं उचलायचं न्हाई आता."

"का वो आत्या?"

"का म्हणून इचारती. येडी हैस का शाणी?" आणि तिनं शेणाचा हात पदराला पुसला आणि नूतनच्या तोंडावरनं फिरवून कडाकडा बोटं मोडली.

नूतनला सगळं उमगलं. त्याच वेळी बोलायचं होतं. पण ह्या घरात आल्यापासनं सासूचा हात तिच्या तोंडावरनं असा पहिल्यांदाच फिरला होता, आणि तो हात तिथंच होता तोवर तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. सगुणाबाई घमेलं घेऊन गेलीसुद्धा.

खरी गोष्ट पुण्याच्या दवाखान्यात राहिली होती.

न्हाती-धुती झाली तेव्हापासनं नूतनला सगळ्यांनी एकच सांगितलं होतं. माहेरी आई म्हणाली, लगीन झालं की थांबंल. लग्न झाल्यावर बायका म्हणाल्या, एक पोर झालं की थांबंल. नसरापूरच्या डॉक्टरनंही इंजेक्शन टोचता टोचता तेच सांगितलं. वैशाखात तिला दुखता दुखता उलट्या सुटल्या आणि ती मोरीत पडली, तेव्हा अमृतनं दुधाच्या टेंपोतनंच तिला पुण्याला नेलं. तिथं एका मधल्या वयाच्या डॉक्टरीणबाईनं आतनं सोनोग्राफी केली, दुसऱ्या दिवशी आणखी एका मोठ्या मशीनमध्ये घातलं, आणि मग दोघांना समोर बसवलं.

"इतकी वर्षं काय करत होतात?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.

"गरम पाण्याची पिशवी," नूतन म्हणाली.

बाई हसली नाही. तिनं कागदावर चित्र काढून सांगितलं. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसलंच तुमच्या पोटात बाहेर वाढलंय. दर पाळीला तेही रक्त सोडतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नाही. ते आतच साकळतं. त्यानं दोन्ही बीजकोशांत गाठी झाल्यात, नळ्या चिकटल्यात, मागं आतडं चिकटलंय. आजार शेवटच्या पायरीवर आहे.

"मूल?" अमृतनं कसंबसं विचारलं.

"आपोआप दिवस राहण्याची शक्यता फार म्हणजे फारच कमी. टेस्ट ट्यूबनं प्रयत्न करता येईल. पण बीजंही थोडीच उरलीत, तेव्हा होईलच असं मी सांगणार नाही. ऑपरेशन करून गाठी काढल्या तर त्यांच्याबरोबर आणखी बीजं जातील. आधी काही महिने ह्या गोळ्या घ्या. पाळी बंद राहील, दुखणं थांबेल. गोळ्या आहेत तोवर दिवस राहायचे नाहीत, हे लक्षात ठेवा. मग प्रयत्नाचं ठरवू."

पोर झालं की दुखणं थांबेल, असं सगळी सांगत आली होती. दुखणं होतं म्हणूनच पोर होत नव्हतं, हे सांगणारी ही पहिलीच. नूतनला रडू यायला पाहिजे होतं, पण आलं नाही. आपण लोळायची सोंगं करत नव्हतो एवढं तरी कुणीतरी म्हणालं, ह्याचंच तिला बरं वाटलं. परतताना घाट उतरल्यावर अमृतनं टेंपो बाजूला घेतला. मग म्हणाला, "आईला आत्ता काय बोलू नगं. लावणी हू दे. मग सांगू."

अमृतची निम्मी कामं त्या 'मग'वर टांगलेली असायची. वाईट माणूस नव्हता तो. फक्त अवघड काही आलं की त्याला दुधाचे कॅन आठवायचे.

गोळ्या लागू पडल्या. पहिला महिना तसाच गेला आणि नूतन रोज सकाळी उठून पोट चाचपून बघायची, की आज सुरू होतंय, आता सुरू होतंय. काही नाही. हंडा घेऊन चढण चढताना तिला दम लागला नाही, कंबरेत सुई टोचली नाही. रात्री पडली की सकाळीच जाग यायची. आपलं अंग म्हणजे रोज कुणाकडनं तरी उसनं आणायची वस्तू असं तिला इतकी वर्षं वाटायचं, ते आता वाटेना. भाताचं रोप हिरवंगार वर आलं होतं, तिकडं बघून तिला पहिल्यांदा लावणीची भीती वाटली नाही.

लावणी त्यांच्याकडं सावडीनं व्हायची. आज रत्नाच्या खाचरात सगळ्यांनी उतरायचं, उद्या गेनूच्या, परवा सगुणाबाईच्या. ज्या घरानं जितकी माणसं दिली तितकी त्या घराला परत. त्यात एक रीत होती. बाहेर बसलेल्या बाईनं रोपाला शिवायचं नाही, रोप जळतं. त्यामुळं दरसाल नूतन ऐन लावणीत दोन-चार दिवस गैरहजर, आणि बदल्यात सगुणाबाई म्हातारपणी दोन घरी जास्तीची वाकायची. बोलून दाखवायची नाही, पण घरी येऊन कंबरेवर तापवलेली वीट ठेवून पडायची. नूतनला ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

रत्ना म्हणजे नूतनची चुलत जाऊ. जिभेला हाड नाही, पण हात सढळ. त्या दिवशी तिच्या खाचरात चिखलणी होऊन पाणी गढूळ झालं होतं. पाऊस धरूनच होता. अंगावर प्लास्टिकचे कागद घेऊन बायका ओळीनं उतरल्या, गुडघ्याएवढ्या चिखलात. नूतननं पदर खोचला, डाव्या हातात रोपाची मूठ घेतली आणि सुरुवात केली. उजव्या हातानं तीन-चार काड्या सोडवायच्या, चिखलात अंगठ्यानं दाबायच्या, मागं सरायचं. तिचा हात इतका चालू लागला की ती शेजारणीच्या दोन पावलं पुढं गेली. तिला हसू आलं.

"आगं, वाकू देऊ नका तिला," बांधावरनं सगुणाबाई ओरडली.

बायका ताठ झाल्या. रत्नानं कमरेवर हात ठेवले. "का वो थोरल्या सासूबाई? काय बातमी?"

सगुणाबाई नुसती हसली. पुढचे दात गेलेले, त्यामुळं ती सहसा तोंड उघडून हसायची नाही. ते हसणं बघितलं आणि सगळ्या समजल्या.

"कितवा?"

"दुसरा सरला."

मग काय विचारता. रत्ना चिखल तुडवत आली आणि चिखलाच्याच हातानं तिनं नूतनची हनुवटी धरली. "लबाडे, आमाला सांगितलं न्हाईस. आन् रोप लावतीस व्हय? चल, हो वर." दोघी-तिघींनी धरून तिला बांधावर बसवली. कुणीतरी आपला कागद तिच्या डोक्यावर टाकला. बसल्या बसल्या मुठी फेकायचं काम दिलं, ते म्हातारीकोतारींचं काम. आठ वर्षांत पहिल्यांदा तिची कंबर वाकायला तयार होती, आणि आताच तिला कुणी वाकू देईना. ती दिवसभर बांधावर बसली. अंगाला काही दुखत नव्हतं आणि लाजेनं मान वर होत नव्हती. बायका खाचरातनं तिच्याकडं बघून गाण्यात तिचं नाव गुंफत होत्या.

तिन्हीसांजेला अमृत रिकामे कॅन खडखडवत आला तसं तिनं त्याला गोठ्यात गाठलं.

"तुमी आत्यांला सांगा. आत्ताच्या आत्ता."

"म्या काय सांगू? बाईमाणसांचं आसतंय ते."

"दवाखान्यात तुमीच हुता नव्हं?"

अमृतनं म्हशीच्या पाठीवर उगीच थाप मारली. "राहू दे की चार दीस. आई किती खूश हाय बघ. सकाळी मला म्हणली, टेंपो हळू चालवत जा, आता तू एकटा न्हाईस." एवढं बोलून तो वैरण टाकायला वळला. नूतनला त्याचा राग आला आणि कीवही आली, आणि दोन्हीचा तिला कंटाळा आला.

चार दिवसांचे आठ झाले. सगुणाबाईनं कधी केले नव्हते ते लाड सुरू केले. दुधावरची साय आधी नूतनच्या वाटीत. कुर्डूची भाजी तिला आवडते म्हणून म्हातारी पावसात बांधांवर हिंडून ओटाभर खुडून आणायची. ओढ्याचे खेकडे आले, पण कालवण तिला दिलं नाही, खेकडं उष्ण असतात म्हणून. नूतनचा जीव खेकड्यावर, आणि ती समोर बसून पिठलं खात होती. रस्त्यावरच्या बायका आता पडवीकडं बघून हसायच्या. चुलतसासरा चिमाजी, जो दर शिमग्याला येऊन पडवीत बसून 'घराला दिवा पायजे' म्हणायचा आणि आपल्या साडूच्या लेकीचं नाव अमृतच्या कानावर घालायचा, तोही येऊन म्हणाला, "सूनबाई, जीव सांभाळा."

खोटं बोलली नव्हती ती कुणाशी. नुसती गप्प होती. पण गप्प राहूनही माणूस किती खोटं बोलू शकतं हे तिला रोज जेवताना कळत होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे तिला ते आवडत होतं. साय आवडत होती. हाक मारतानाचा सासूचा बदललेला सूर आवडत होता. एकदा तर पोटावर हात ठेवून ती क्षणभर ते खरंच आहे असं धरून चालली, आणि मग स्वतःचीच शरम वाटून तिनं भांडी घासायला घेतली.

मग सगुणाबाई एका दुपारी भाकरी थापता थापता म्हणाली, "आपल्या खाचराची लावणी सरली की मेंगाईला जायचं. म्या खण-नारळ कबूल केलाय. रत्नी, गेनूची बायकू, समद्या येणार हैत. देवीपुढं तुझी वटी भरायची."

नूतन पीठ मळत होती. तिचा हात थांबला.

"आत्या, दिवस गेल्यालं न्हाईत."

"गप. भरल्या घरात असं बोलू ने."

"गोळ्या घेती मी. पुण्याच्या डॉक्टरणीनं दिल्यात. त्या गोळ्यांनी पाळी थांबलीया."

सगुणाबाईनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली. मग म्हणाली, "पोर हुईना म्हणून डाक्टरकडं गेलीस, आन् पोर हू ने त्येच्या गोळ्या आणल्यास?"

नूतननं सांगायचा प्रयत्न केला. गाठी, नळ्या, चिकटलेलं आतडं. डॉक्टरीणबाईनं सांगितलं तेव्हा सरळ वाटलेलं सगळं चुलीपुढं वाकडं होत होतं. सगुणाबाई ऐकत होती की नाही कळत नव्हतं.

"अमृतला ठावं हाय?"

"व्हय. त्येंनीच नेलं हुतं."

हे सगुणाबाईला सगळ्यात जास्त लागलं. तिच्या तोंडावरची एकेक सुरकुती खाली आली. "म्हंजी मीच तेवढी खुळी," ती म्हणाली. "गावभर नाचली." मग थोड्या वेळानं, "गोळ्या सोड. दुखलं तर दुखू दे. दुखल्याबिगार पोर हुतंय का कुणाला?"

"दुखण्यानं पोर होत असतं, आत्या, तर आत्तापतोर हे घर भरलं असतं."

नूतन हे रागानं बोलली नाही. रागावायलासुद्धा अंगात बळ लागतं. सगुणाबाईनं तिच्याकडं बघितलं, आणि मग चुलीतलं लाकूड मागं ओढलं. त्या रात्री नूतनच्या वाटीत साय नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच खाचरात लावणी होती. सगुणाबाई उजाडताच निघून गेली. नूतन न्याहरीची पाटी घेऊन मागनं गेली तेव्हा बायका उतरल्या होत्या, पण गाणं नव्हतं. तिनं पाटी ठेवली, पदर खोचला आणि मूठ उचलली. कुणी अडवलं नाही. एका बाईनं तिच्याकडं बघून नजर खाली घेतली. रत्ना तेवढी जवळ आली आणि हळू आवाजात बोलली. रत्नाचा हळू आवाज नूतननं जन्मात पहिल्यांदा ऐकला.

"कशाला आलीस गं? पडून राह्यचं चार दीस. अंगावरनं जात आसंल."

"काय जात आसंल?"

"आता आमच्यापास्नं काय लपवायचं? सांगितलं थोरल्या सासूबाईंनी. पडलं म्हणं काल." तिनं नूतनच्या दंडावर हात ठेवला. "असू दे. मन खाऊ नगंस. रुजलं हुतं, म्हंजी परत रुजंल. माझं बी पयलं पडलं हुतं."

नूतननं सासूकडं बघितलं. सगुणाबाई पाठ करून रोप लावत होती. तिची ओळ कधी वाकडी जात नसे, ती आज वाकडी चालली होती.

सोपं होतं. मान खाली घालायची, दोन टिपं काढायची. बायकांनी तिला घरी पाठवलं असतं, कुणी गूळ-तूप आणून दिलं असतं. पोर पडलेल्या बाईला वाडी जवळ घेते. आणि चार महिन्यांनी पुन्हा सगळी पडवीकडं बघायला लागली असती. गोणपाट आहे का, नाही का. नूतनला तेवढ्यानंच इतका थकवा आला की ती चिखलातच बसेल असं वाटलं. पण बसली नाही.

"पडलं न्हाई," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण पाऊस नेमका थांबला होता, त्यामुळं टोकाच्या बाईलाही ऐकू गेलं. "राहिलंच नव्हतं."

"म्हंजी?"

"मला आजार हाय पोटात. म्हणून लोळत हुते म्हैन्याच्या म्हैन्याला. त्याच्या गोळ्या चालू हैत, म्हणून पाळी येत न्हाई. दिवस-बिवस काय न्हाई. पुढं राहतील का न्हाई, डॉक्टरणीलाबी सांगता येत न्हाई. प्रयत्न करायचा म्हणती. बहुतेक न्हाईच राहायचं." तिला श्वास घ्यायला थांबावं लागलं. "आता माझ्यापायी कुणी वाट बघू नका. एवढंच सांगायचं हुतं."

पडलं तर काय म्हणायचं हे बायकांना ठाऊक असतं, झालं तरी ठाऊक असतं. ह्याला कुणाकडं शब्द नव्हते. शेवटी रत्नाच म्हणाली, "हात चालवा गं, रोप सुकाय लागलं." आणि आपल्या बाजूला सरकून तिनं ओळीत नूतनला जागा केली. नूतन वाकली. दुपारपर्यंत ती वर न बघता लावत राहिली आणि अर्धं खाचर हिरवं झालं.

घरी जाताना सगुणाबाई पुढं, नूतन मागं. ओढ्यापाशी म्हातारी थांबली. पाणी वाढलं होतं. ती पाण्याकडं बघतच बोलली.

"चारचौघीत नाक कापलंस माजं."

"व्हय, आत्या."

"पडलं म्हणलं आसतं तर काय बिघडत हुतं? तुला काय वाटलं, माझ्या मोठंपणासाठी बोलली म्या?" आता ती वळली. "त्यो चिमाजी परवा मेंगाईच्या वाटंवर भेटला. म्हणला, वैनी, हे बी न्हाई टिकलं तर साडूची पोरगी तयार हाय. पडलं म्हणलं की बाईला वांझ म्हणता येत न्हाई. आनखी दोन-चार वर्सं तुला घरातनं कुणी हलवलं नसतं. तेवढ्यात माझं डोळं मिटलं आसतं, मग तुमचं तुमी बघितलं आसतं."

नूतनला हे ठाऊक नव्हतं. आपल्यासाठी ह्या बाईनं काही केलं असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं, आणि ते कळलं तेव्हा ते मोडूनही झालं होतं. तिला सासूचे पाय धरावेसे वाटले. पण पाय गुडघ्यापर्यंत चिखलात होते आणि दोघींनाही घर गाठायचं होतं.

"दोन-चार वर्सं अशी राहायची माझ्यात ताकद न्हाई, आत्या."

"ते दिसलंच," सगुणाबाई म्हणाली, आणि पाण्यात उतरली.

वाडीत बातमीला पाय लागतात म्हणतात, हिला चाकं होती. दिवेलागणीच्या आतच चिमाजी छत्री मिटत पडवीत आला. अमृत नुकताच नसरापूरहून येऊन पाय धूत होता. सगुणाबाईनं चहा ठेवला. नूतन चुलीपाशी होती, मध्ये फक्त कुडाची भिंत.

चिमाजीनं पावसाचं बोलून घेतलं, म्हशीचं बोलून घेतलं. मग म्हणाला, "म्या काय वाईट म्हणून सांगत न्हाई. सूनबाईला कुणी घराबाहीर काढा म्हणतंय का? राहू द्या की. दोघी राहतील. पर घर बुडवायचं का म्हणून? वैनी, तुमी तर शाण्या हैत."

सगुणाबाईनं चहाचा कप त्याच्यापुढं सारला. तिनं अमृतकडं बघितलं. नूतननं आतनं कान दिला आणि तिला वाटलं, आता हा उठेल. म्हणेल, कॅन धुवायचेत. तिला त्याचं आश्चर्य वाटलं नसतं.

अमृत उठला नाही. पाय पुसत बसला, तेच ते पाय कितीतरी वेळ.

"काका, आज डेअरीवर गेनू भेटला," तो म्हणाला. "माझ्या खांद्यावर हात ठिवला. म्हणला, लई वाईट झालं. आन् म्या मान हलवली. न झाल्याल्या पोरासाठी मान हलवली म्या. दिवसभर टेंपो चालवताना त्येच डोक्यात."

"त्येच म्हणतोय मी..."

"थांबा. मला येत न्हाई बोलाय, एकदा बोलून घेऊ द्या." पाय पुसायचं फडकं त्यानं खाली टाकलं. "आठ वर्सं ही ह्या कोपऱ्यात पडून कण्हायची. आन् म्या काय करायचो? टेंपो काढून पळायचो. दुधाला उशीर हुतोय म्हणून. कधी कधी उशीर नसायचाच. नुसता पळायचो. आता ती झोपती, काका. दोन म्हैनं झालं, ती झोपती. पुण्याला एकदा जाणार आमी, डॉक्टरीण म्हणती तसं करून बघणार. झालं तर झालं. न्हाई झालं तर हितं आमी तिघं. दुसरीचं नाव ह्या पडवीत परत काढायचं न्हाई."

मग चिमाजी उठला. "तुमचं तुमी बघा बाबांनो. आमी आपलं मायेनं सांगाय आलो," म्हणाला आणि छत्री उघडून गेला. कपातला चहा तसाच राहिला.

नूतन चुलीपुढं बसली होती आणि तिच्या डोळ्यांतनं पाणी चाललं होतं. तिला कळेना की हे कशाचं. कंबर दुखत नव्हती, पोट दुखत नव्हतं. तिनं सवयीनं पोटावर हात दाबून बघितला. आठ वर्षं ती रडली ती दुखून रडली, नुसतं माणसासारखं रडायची तिची सवयच गेली होती. आता ते सगळं एकदम आलं, पोराचं, न झालेल्या पोराचं, आणि थांबेना.

सगुणाबाई आत आली. तिनं सुनेकडं बघितलं, चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि धुरामुळं असावं, आपलेही डोळे पुसले.

"दुखतंय का?" तिनं विचारलं.

नूतननं मान हलवली, नाही.

"मग रड," सगुणाबाई म्हणाली आणि परातीत पीठ काढून तिच्या शेजारी भाकरी करायला बसली.